भरदार गिटार आणि तंजावरचा तंबोरा : घरगुती ध्वनिमुद्रणातील काही गैरसमज

हेवी मेटल संगीतातील गिटारचा रुंद आणि वजनदार नाद महागडी यंत्रे, कानठळ्या बसवणारा आवाज आणि वाट्टेल तितके डिस्टॉर्शन यांतून निर्माण होतो, असा समज घरच्या घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्या नवशिक्यांमध्ये घट्ट रुजलेला आहे. वस्तुतः या नादामागील भौतिकी आपल्याकडील तंतुवाद्यांना मुळीच परकी नाही. फणसाच्या लाकडापासून वीणा आणि तंबोरा घडवणाऱ्या तंजावरच्या कारागिरांनी एकाच तारेतून स्वरांशांचा, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या वरच्या उपस्वरांचा, दाट पुंजका उमटवण्याची विद्या विजेच्या मदतीवाचून साधली होती. याच शहरात भोसले घराण्यातील सरफोजी दुसरे (राज्यकाळ १७९८–१८३२) यांनी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड बाळगला होता, तेव्हा तंजावर आणि गिटार यांची नावे शेजारी आल्याने दचकण्याचे कारण नाही.

पहिला आणि सर्वांत चिवट गैरसमज असा की, गेन, म्हणजे ॲम्प्लिफायरमध्ये शिरणाऱ्या संकेताची वाढ, जितकी अधिक तितका नाद भारी. क्षमतेपलीकडे ढकललेल्या संकेताच्या तरंगांचे शेंडे कापले जातात आणि मुळात नसलेले किंवा क्षीण असलेले स्वरांश त्यातून उत्पन्न होतात. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. तंबोऱ्यात हेच काम निराळ्या मार्गाने होते. त्याच्या रुंद, किंचित बाकदार घोडीवर तार टेकते तिथे सुताचा बारीक धागा सरकवला की कंप पावणारी तार घोडीच्या पृष्ठाला पुन्हा पुन्हा चाटून जाते आणि तिचा नाद स्वरांशांनी भरून येतो. यालाच जवारी म्हणतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात दाखवले की, तार छेडण्याच्या बिंदूवर ज्या स्वरांशाचा निस्पंद बिंदू येतो तो स्वरांश प्रस्थापित नियमाप्रमाणे ऐकूच येता कामा नये, तरी वीणा आणि तंबोरा यांत तो ठसठशीतपणे ऐकू येतो, आणि याचे मूळ त्या घोडीच्या घडणीत आहे. मात्र जवारी लावणारा कारागीर धागा केसभर इकडेतिकडे करून योग्य जागी थांबतो, कारण जागा चुकली तर नुसती खरखर उरते किंवा तार मुकी वाटते. गेनचेही तसेच आहे. तो हद्दीबाहेर वाढवल्यास जोरकस आणि हलका आघात एकाच पातळीवर येतात, तळहाताने तारा दाबून काढलेल्या ठोक्यांची धार बोथट होते आणि पार्श्वभूमीतील सुसकारा वर येतो. एकावर एक ट्रॅक रचायचे असतील तर प्रत्येकाचा गेन एकट्याने ऐकताना थोडा कमीच वाटावा, इतका ठेवणे हिताचे ठरते.

वजन खालच्या स्वरांची कळ पिळून मिळते, हाही असाच एक भ्रम आहे. मेटलमध्ये सर्रास वाजणारी जोडी षड्ज आणि पंचम यांची असते, ज्यांच्या वारंवारतेचे प्रमाण २:३ असते. डिस्टॉर्शनमधून दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचेही स्वर तयार होतात. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२.४ हर्ट्झला आणि तिचा पंचम १२३.५ हर्ट्झला वाजला तर फरक ४१.१ हर्ट्झचा येतो, म्हणजे मूळ षड्जाच्या जवळजवळ एक सप्तक खाली. कर्नाटक पद्धतीच्या तंबोऱ्यातही पंचमाच्या तारेला षड्जाच्या तारा जोडीला असतात, हे येथे ध्यानात येण्याजोगे आहे. याउलट षड्ज-गांधाराची जोडी भरपूर गेनखाली वाजवली तर फरकाचे स्वर सुरांत बसत नाहीत आणि चिखल होतो. खालचे स्वर असे आपोआप साचतात, म्हणून कॅबिनेटमधून, म्हणजे स्पीकरच्या पेटीतून, किंवा संगणकावरील त्याच्या प्रतिकृतीमधून आलेल्या गिटारवर साधारण ८० ते १०० हर्ट्झखालचा भाग उलट कापून टाकतात आणि ती जागा बास गिटारला सोडतात. मधल्या पट्टीचे स्वर खरवडून काढण्याची हौस याच प्रकारची. एकट्याने ऐकताना गिटार भव्य भासते, पण ढोल-झांजांच्या गर्दीत नाहीशी होते.

रुंदीबाबतचा गैरसमज मात्र सविस्तर तपासावा लागतो. एकच ट्रॅक नक्कल करून एक प्रत डावीकडे आणि दुसरी उजवीकडे ठेवली की नाद रुंदावतो, असे मानले जाते. प्रत्यक्षात दोन्ही कानांना तंतोतंत सारखाच संकेत मिळाल्याने मेंदू त्याचे उगमस्थान मध्यभागी ठरवतो आणि आवाज फक्त वाढतो. एक प्रत काही मिलिसेकंद मागे ढकलण्याची युक्तीही फसवी आहे. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या प्रयोगांनुसार कान आधी पोहोचलेल्या बाजूला झुकतो, आणि शिवाय दोन्ही बाजू मोबाइलच्या एका स्पीकरमध्ये एकत्र येताच, विलंब १० मिलिसेकंदांचा असल्यास, ५०, १५०, २५० हर्ट्झ अशा क्रमाने वारंवारता एकमेकींना खोडून काढतात. खरी रुंदी तोच भाग पुन्हा पहिल्यापासून वाजवून मिळते, कारण दुसऱ्या वादनात आघाताची वेळ, तारेवरचा दाब आणि सुराची सूक्ष्म ढळ किंचित निराळी असते. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा एकाच षड्जात मिळवल्या तरी त्या कधीही पूर्णतः एक होत नाहीत आणि त्यांच्या मंद हेलकाव्यातून भरणा येतो, तेच तत्त्व येथे दोन कानांत वाटून दिलेले असते. जिममध्ये वजन उचलण्याइतकी ही मेहनत कंटाळवाणी आहे, आणि ती टाळण्यासाठीच नकलेचा शोध लागला असावा.

घराच्या भिंतींवर अंड्यांचे ट्रे चिकटवल्याने खोली स्टुडिओ होते, यावर फारसे बोलण्याची गरज नाही. ते खालचे स्वर शोषत नाहीत आणि शेजाऱ्यांपर्यंत जाणारा आवाजही अडवत नाहीत. समांतर भिंतींत तीन मीटरचे अंतर असेल तर सुमारे ५७ हर्ट्झला अनुनाद होतो, तो पातळ आवरणाने हटत नाही. छोटा स्पीकर मध्यम आवाजात ठेवून त्याच्या कागदी शंकूसमोर मायक्रोफोन लावला तर खोलीचा हस्तक्षेप पुष्कळ कमी होतो, आणि शंकूच्या मध्यापासून दोन-तीन सेंटिमीटर कडेला सरकवल्यास टोचरेपणा उतरतो. त्या सरकवण्याने होणारा बदल कित्येकदा टोनच्या कळांपेक्षा मोठा असतो.

तंजावरची वीणा घरी ध्वनिमुद्रित करणाऱ्याला मात्र दोनदा वाजवण्याचा उपाय लागू पडत नाही, कारण आलापनातील गमक दुसऱ्यांदा तसेच येत नाही आणि दोन निरनिराळे आलाप एकमेकांवर ठेवले तर गोंधळच माजतो. तेथे वीणा एकटी मध्यभागी ठेवून दोन स्वतंत्रपणे मुद्रित केलेले तंबोरे डावी-उजवीकडे पसरणे अधिक सयुक्तिक आहे. वीणेच्या अंगाला चिकटवलेला पिकअप आणि समोरचा मायक्रोफोन या दोहोंचा वापर केल्यास पिकअप तारेचा आघात नेमका पकडतो आणि मायक्रोफोन फणसाच्या लाकडी पोकळीचा श्वास पकडतो. पण ध्वनी हवेत एका मिलिसेकंदात जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो, म्हणून अर्ध्या-पाऊण मीटरवरच्या मायक्रोफोनचा ट्रॅक तेवढा मागे पडतो, आणि तो संगणकावर दोन्ही ट्रॅकमधील पहिल्या आघाताचे शेंडे जुळेपर्यंत पुढे सरकवावा लागतो.