७२० ओहमचा रेझिस्टर मिळत नाही, तेव्हा…

पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ७२० ओहमचा रेझिस्टर मागून पाहा. दुकानदार ६८०चा किंवा ८२०चा पुढे करील, फार तर ७५०चा. मधल्या किमती गाळण्यामागे पक्का हिशेब आहे.

सर्वाधिक प्रचलित मालिकेत १० ते १०० या टप्प्यात १२च किमती आहेत : १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८ आणि ८२. पुढचा आकडा मागच्यापेक्षा साधारण २१ टक्क्यांनी मोठा. ही मालिका १० टक्के टॉलरन्स धरून आखलेली आहे. १० ओहमचा रेझिस्टर प्रत्यक्षात ११ ओहम भरू शकतो आणि १२चा १०.८पर्यंत उतरू शकतो. मग ११चा वेगळा बनवून काय साधणार? १९५२ साली आंतरराष्ट्रीय मानकाने अशा मालिका पक्क्या केल्या.

आता ७२० कशाला लागतो ते पाहू. हौशी मंडळींच्या लाडक्या एलएम३१७ या आयसीपासून ५ व्होल्ट मिळवायचे, तर दोन रेझिस्टर लागतात. पहिला सहसा २४० ओहमचा असतो. त्याच्या दोन टोकांत आयसी १.२५ व्होल्ट कायम राखते. दुसऱ्याला पहिल्याने भागून त्यात १ मिळवायचा आणि १.२५ने गुणायचे, की मिळणारा व्होल्टेज कळतो. ५ व्होल्टसाठी दुसरा येतो ७२०चा.

तो बाजारात नाही, म्हणून जोडणीतून साधायचा. एकसर जोडणीत रोधांची, म्हणजे रेझिस्टरच्या किमतींची, बेरीज होते. १२०चे दोन जोडले की २४० झाले. ६८०ला ३९ जोडला की ७१९. समांतर जोडणीत दोन किमतींच्या गुणाकाराला बेरजेने भागायचे : १० किलोओहमचे दोन समांतर लावले की ५ किलोओहम. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की एकसर जोडणीत मोठ्या रोधाचे चालते, समांतर जोडणीत लहानाचे. म्हणून किंमत थोडी वाढवायची तर लहान रोध एकसर जोडावा. थोडी घटवायची तर मोठा रोध समांतर लावावा. १ किलोओहमला १०० किलोओहम समांतर लावला, तर किंमत ९९०पर्यंत उतरते.

जोडणी उष्णतेसाठीही कामी येते. १०० ओहमचे दोन-दोन एकसर जोडून त्या जोड्या समांतर लावल्या, तर उत्तर पुन्हा १००च येते. पण पाव वॅटचे चार मिळून एक वॅट पेलतात. ९ व्होल्टवर ०.८१ वॅट उष्णता होते. एकटा पाव वॅटचा रेझिस्टर त्यात जळेल. चौघांच्या वाट्याला प्रत्येकी ०.२ वॅट येतात.

कपॅसिटरचा नियम नेमका उलटा : समांतर जोडले की बेरीज, एकसर जोडले की घट. मात्र १६ व्होल्टचे दोन इलेक्ट्रोलिटिक एकसर जोडून ३२ व्होल्ट बिनधास्त लावू नयेत. गळती कमी-जास्त असल्याने व्होल्टेज समान वाटला जात नाही आणि एकावर जास्त भार येतो. त्यासाठी प्रत्येकाला समांतर रोध लावतात.

आता ७१९कडे परत पाहा. सोनेरी पट्ट्याच्या, म्हणजे ५ टक्के टॉलरन्सच्या ६८०मध्ये ३४ ओहमपर्यंत फरक असू शकतो. आपण जोडलेला ३९ जवळपास तेवढाच! शिवाय आयसीचे १.२५ व्होल्टही १.२० ते १.३०च्या दरम्यान कुठेही असू शकतात. कागदावरचे गणित अशा वेळी अपुरे पडते. आधी ६८० लावून व्होल्टेज मोजावा आणि कमी भरेल त्या मानाने लहान रोध एकसर जोडावा. सर्किट वारंवार जुळवावे लागणार असेल, तर सरळ प्रीसेट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रोध, बसवावा.

एलईडीसारख्या कामाला एवढीही खटपट नको. तिथे जवळची वरची किंमत पुरते. बाराही किमतींचे मोजके रेझिस्टर आणि एक मल्टिमीटर घरात ठेवा. सर्किटला किती अचूकता लागते हे आधी ठरवा, जोडणीचे गणित मग करा.