पिशवी काढली, पण बीजकोश?

आमच्या गटांच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब आटोपला की कुणीतरी हळूच म्हणतं, "ताई, द्राक्षबागेत काम करताना एकदम अंगातून वाफा निघतात, घामानं भिजायला होतं. ताप तर नसतो." मग कुणी उष्णता म्हणतं, कुणी बाहेरचं म्हणतं. बाहेरचं काही नाही, हे आपल्याच मेंदूचं काम आहे.

पाळी पिशवी चालवते असं आपण समजतो. खरी सुरुवात मेंदूच्या तळाशी होते. तिथलं हायपोथॅलॅमस नावाचं केंद्र थांबून थांबून निरोप सोडतं. तो शेजारच्या वाटाण्याएवढ्या पियुषिका ग्रंथीला मिळतो, ती रक्तातून बीजकोशांना हुकूम पाठवते आणि बीजकोश इस्ट्रोजेन तयार करतात. हे इस्ट्रोजेन उलट मेंदूला जाऊन सांगतं, 'पुरे आता.' टाकी भरली की फ्लोट मोटर बंद करतो, तसंच. गंमत अशी की महिन्याच्या मध्यावर इस्ट्रोजेन दोनेक दिवस खूप वाढलेलं राहिलं की मेंदू थांबायच्या ऐवजी जोर लावतो आणि बीज सुटतं. आपल्या मोटारीला हे काही जमायचं नाही!

पंचेचाळिशी-पन्नाशीत बीजकोश थकतात. टाकी भरतच नाही, मोटर चालूच. मेंदूतल्या त्या पेशींना 'पुरे' म्हणणारं कुणी उरत नाही. अंगाचं तापमान सांभाळणारं केंद्र जवळच, तेही बिचकतं. अंग तापलेलं नसताना घाम फुटतो.

हे वयानं होतं तेव्हा हळूहळू होतं. ऑपरेशननं झालं तर मात्र एकदम. 2019 साली बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा 82,309 जणींपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण बीजकोश काम करत राहतात. दोन्ही बीजकोशही काढले तर इस्ट्रोजेन थोड्याच दिवसांत कोसळतं. तिशीतल्या बाईला वाफा येतात, झोप उडते, पुढं हाडं ठिसूळ होतात.

म्हणून सही करण्याआधी विचारायचं: गोळ्यांनी भागणार नाही का? बीजकोश ठेवणार की काढणार? सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवायचं. ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी घरातले कागद शोधा, काय काय काढलं ते त्यात लिहिलेलं असतं. बीजकोश लवकर गेले असतील तर हार्मोनच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. त्या सगळ्यांना चालत नाहीत, मेडिकलमधून परस्पर आणू नका.

आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, थोडंसं का होईना, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.