विहिरीतल्या तारेचा सांधा

पाणी आणि वीज, दोन्ही शेतकऱ्याच्या कामाची. पण विहिरीत ती एकमेकांना भेटली की घात होतो. म्हणून आज आपण एका लहानशा गोष्टीचा विचार करू. ती गोष्ट म्हणजे पाण्यातल्या मोटारीच्या केबलचा सांधा.

आपल्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा पुष्कळ आहेत. 2012-13 च्या दुष्काळात पाण्यावाचून कित्येक बागा वाळल्या. विहिरीत पाणी नसेल तर माणूस काय करणार? पण पाणी आहे आणि मोटार जळाली, हे दुःख टाळता येते. पुष्कळदा दोष मोटारीचा नसतो, सांध्याचा असतो.

सांधा का बिघडतो? नुसती काळी टेप गुंडाळली तर उन्हाळ्यात काम चालून जाते. तेव्हा पाणी खाली गेलेले असते आणि सांधा वर कोरडा लोंबतो. पावसाळ्यात पाणी चढते आणि सांधा बुडतो. टेपचा गोंद सुटतो, पदरांमधून पाणी शिरते. दिव्याच्या वातीतून तेल चढते ना? तसेच तांब्याच्या बारीक तारांमधून पाणी पुढे सरकते. तांबे हिरवे पडते आणि झिजते. एक तार तुटली की मोटार दोनच फेजवर गुरगुरते, तापते आणि जळते.

याहून मोठा धोका जिवाचा. विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, त्यामुळे त्यातून वीज वाहते. दोन फेजमध्ये सुमारे 415 व्होल्टचा दाब असतो. सांधा गळका असेल तर पाण्यात उतरलेल्या माणसाचा प्राण जाऊ शकतो. मोटार चालू असताना विहिरीत कुणी उतरू नये, पोरांना पोहू देऊ नये.

पहिली गोष्ट, सांधा शक्यतो पाण्यात येऊच देऊ नये. पुरेशी लांब, अखंड केबल घ्यावी. मोटारीजवळचा सांधा मात्र टळत नाही. तो जाणत्या वायरमनकडून करून घ्यावा. तो बरोबर करतो की नाही, हे आपण पाहावे.

आधी मेन स्विच बंद करावा. फ्यूज काढून आपल्या खिशात ठेवावेत. स्टार्टरला ऑटो बसवलेला असतो. लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते. नुसते बटण दाबून भागत नाही.

मग केबल कोरडी पुसावी. तांबे घासून चकचकीत करावे. काळे पडलेले तांबे कापून टाकावे. तिन्ही सांधे एकाच जागी आणू नयेत, दोन-दोन इंच मागे-पुढे ठेवावेत. म्हणजे ते एकमेकांना भिडत नाहीत. तारा घट्ट पिळून कथलाचा डाख द्यावा, किंवा तांब्याची नळी घालून खास पक्कडीने दाबावी. टोचणारे टोक राहू देऊ नये.

आता रबराची टेप. ही ओढून ताणून गुंडाळली म्हणजे तिचे पदर एकमेकांत मिसळून एकजीव होतात. प्रत्येक पदराने मागचा अर्धा पदर झाकावा. दोन्ही बाजूंना तारेच्या चांगल्या वेष्टनावर टेप दोन इंच तरी जावी. तिन्ही तारांचे झाले की सगळ्यांवर मिळून पुन्हा रबराची टेप, आणि तिच्यावर काळी टेप. रबर पाणी अडवते, काळी टेप रबराला खरचटू देत नाही.

समुद्रातून तार नेणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न होता. 1851 साली इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये समुद्रातून तारायंत्राची तार टाकली. तांब्यावर गटापर्चा नावाच्या झाडाचा चीक चढवला होता. 1870 साली अशी तार समुद्रातून मुंबईला पोचली. सांध्यावरचे वेष्टन तारेच्या मूळ वेष्टनाइतकेच चांगले हवे, हाच यातला धडा.

सांधा झाला की लगेच विहिरीत सोडू नये. बादलीभर पाण्यात रात्रभर बुडवून ठेवावा. केबलची टोके बाहेर कोरडी राहू द्यावीत. सकाळी वायरमनने मेगर लावून पाहावे. गळती निघाली तर सांधा सोडून पुन्हा करावा. बादलीतला दोष थोडक्यात निभावतो, विहिरीतला महागात पडतो.

मोटार केबलवर लोंबकळू देऊ नये, दोराने बांधावी. केबल पाइपाला जागोजाग बांधावी, म्हणजे सांध्याला ओढ बसत नाही. मोटारीला आणि स्टार्टरच्या पेटीला अर्थिंग द्यावे. गळती होताच वीज तोडणारा स्विचही बसवावा.

तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात. सांध्याचेही तसेच आहे. विहिरीत पाणी चढण्याआधीच तो तपासून घ्यावा.