दारूच्या पलीकडे (भाग 8) : पहिल्या मीटिंगला निघताना

हात थरथरणं, झोप उडणं, काहींना फिट येणं किंवा भ्रम होणं, हे दारू तोडल्यानंतरचे पहिले दिवस डॉक्टरांच्या नजरेखालीच काढायचे, हे गेल्या भागात पाहिलं. शरीर सावरतं. मग एका संध्याकाळी सात वाजता फोन वाजतो, ‘काय, बसायचं का आज?’ गोळ्यांनी तलफ थोडी कमी होते, पण तो फोन उचलणारा माणूस तोच असतो.

त्या तासाला जायला दुसरी जागा हवी. अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, म्हणजे ‘एए’ची मीटिंग ही अशी जागा. 1935 सालच्या मे महिन्यात अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस एका हॉटेलच्या लॉबीत उभा होता. धंद्याचं काम फसलेलं, खिसा रिकामा आणि समोर बार. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. आज वाचायचं असेल तर दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोललं पाहिजे, एवढं त्याला उमगलं. फोन फिरवता फिरवता गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी. बॉबनी पंधरा मिनिटं द्यायची तयारी दाखवली होती. बोलणं रात्री उशिरापर्यंत चाललं. बिलने उपदेश केला नाही, स्वतःचीच कहाणी सांगितली. मीटिंगचं सारं मर्म मला यात दिसतं. सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याची गरज असते. ‘आपण कुठे लोकांना त्रास द्यायचा’ म्हणून जे दाराशीच अडतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावं. आत बसलेल्या जुन्यांना नवा माणूस हवाच असतो.

एए भारतात आली 1957 मध्ये. आज मुंबई-पुण्यात मीटिंग शोधणं अवघड नाही. एएच्या भारतातल्या संकेतस्थळावर वार, वेळा, ठिकाणं मिळतात. व्यसनमुक्ती केंद्रातले समुपदेशकही सांगतात. सरकारची व्यसनमुक्तीसाठीची 14446 ही हेल्पलाइन आहे. मीटिंग बहुधा शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या हॉलमध्ये असते. सुट्टीत शाळा बंद असली की जागा बदलू शकते, तेव्हा निघण्यापूर्वी एक फोन करावा. कुलूप पाहून परतणारा माणूस वाटेत कुठे थांबेल, ते सांगायला नको.

मीटिंग निवडताना लोक अंतर पाहतात. मी म्हणेन, आधी वेळ पाहा. आपला पहिला पेग ज्या वेळी भरला जायचा, त्या वेळची मीटिंग गाठा. मग भाषा. मनातलं बोलायचं तर ते मराठीतच येणार असेल, तर मराठी गट शोधा. ओळखीचं कुणी भेटेल या धास्तीने दोन स्टेशनं पलीकडे जायचं असेल तर खुशाल जा. पण भेटलंच कुणी, तर तोही तिथे त्याच कामासाठी आलेला असतो.

आत काय असतं? मुलांचे बुटके बाक, त्यांत गुडघे कसेबसे कोंबून बसलेली मोठी माणसं, भिंतीवर दारूपासून दूर राहण्याच्या एएच्या बारा पायऱ्यांचा तक्ता. एकेक जण उठतो, ‘मी अमुक, अल्कोहोलिक’ म्हणतो आणि आपली गोष्ट सांगतो. मध्ये कुणी तोंड घालत नाही. आडनाव, नोकरी कुणी विचारत नाही. नवख्याने पहिल्या दिवशी गप्प बसलं तरी चालतं. दारू सोडायची इच्छा, एवढीच सदस्यत्वाची अट. फी नाही. शेवटी एक पिशवी फिरते, तीत सदस्यांनी जमेल ते टाकायचं. बाहेरच्यांची देणगी घेत नाहीत. नगरसेवकाने पंखे देऊ केले तरी नकोच म्हणतात. राजकारण्यांचे उपकार न घेणारी संस्था आपल्याकडे असावी, याचं मला अजून नवल वाटतं.

प्रार्थना असते, आणि पायऱ्यांत परमेश्वर येतो. तो ‘आम्हाला समजलेला’ असा आहे. काही नास्तिक सदस्य गटालाच आपल्याहून मोठी शक्ती मानतात. तरीही ज्याला हे अजिबात पटत नाही, त्याने समुपदेशनाचा मार्ग धरावा, त्यात कमीपणा नाही. मात्र ‘हे नुसतं भजनी मंडळ आहे’ म्हणून उडवून लावू नये. 2020 साली कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात 27 अभ्यास तपासले गेले. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत एए आणि तिच्याकडे वळवणारे उपचार इतर मानसोपचारांच्या तोडीस तोड, काही ठिकाणी सरस ठरले. एका मीटिंगवरून मात्र काही ठरवू नये. गटागणिक माणसं वेगळी, सूर वेगळा. पाच-सहा वेळा, दोन-तीन गटांत जाऊन पाहावं.

आता घरच्यांसाठी. ‘ओपन’ मीटिंगला तुम्हीही बसू शकता, ‘क्लोज्ड’ला नाही. दारापर्यंत सोडायला जा, हवं तर. पण ‘आमचे हे आले होते का?’ असा फोन करू नका. तिथे हजेरीपट नसतो आणि असता तरी कुणी सांगितलं नसतं. ज्यांच्या घरात कुणी पितं, त्यांच्यासाठी अल-अ‍ॅनॉनचे स्वतंत्र गट आहेत. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रामध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो. नवरा मीटिंगला जायला तयार नसला, तरी तुमच्या जाण्याला त्याच्या होकाराची गरज नाही.

(पुढील भागात : ‘स्पॉन्सर’ कसा निवडावा)