कर्करोगाचे आकडे न्यायालयात का अडतात?

इटलीच्या दक्षिण भागात, नेपल्स आणि कासेर्ता या शहरांच्या परिसरात, नव्वद नगरपालिकांचा एक पट्टा आहे. सुमारे २९ लाख लोक तेथे राहतात. ज्वालामुखीच्या राखेने सुपीक झालेली ही जमीन एकेकाळी टोमॅटो आणि फळबागांसाठी ओळखली जात असे. आज तिला 'तेर्रा देई फुओकी', म्हणजे 'आगींची भूमी' म्हणतात. कारखान्यांचा विषारी कचरा शेतांत पुरायचा, जुने टायर, प्लास्टिक आणि कापडाच्या चिंध्या रस्त्याकडेला पेटवून द्यायच्या, हा उद्योग तेथे कित्येक वर्षे चालला. त्यामागे कामोरा या गुन्हेगारी टोळ्या होत्या आणि कचऱ्याची विल्हेवाट स्वस्तात उरकू पाहणारे कारखानदारही होते.

या भागातील रहिवाशांनी केलेल्या तक्रारींवर स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ३० जानेवारी २०२५ रोजी निकाल दिला. नागरिकांच्या जीविताच्या हक्काचे रक्षण करण्यात इटलीचे सरकार अपयशी ठरले, असा ठपका न्यायालयाने ठेवला. मात्र या निकालाचे खरे महत्त्व त्यातील एका मुद्द्यात आहे. आपला किंवा आपल्या आप्ताचा कर्करोग नेमक्या याच प्रदूषणामुळे झाला, हे अर्जदारांनी सिद्ध करण्याची गरज नाही, असे न्यायालयाने म्हटले. प्रदूषणाविरुद्ध न्यायालयात गेलेल्या रुग्णांची वाट जगभर ज्या दगडाशी अडते, तो दगडच येथे बाजूला करण्यात आला.

हा दगड कोणता, ते साध्या अंकगणितातून समजून घेता येईल. समजा, एखाद्या तालुक्यात लोकसंख्या आणि वयोमान पाहता दहा वर्षांत कर्करोगाचे शंभर रुग्ण अपेक्षित होते. प्रत्यक्षात दीडशे आढळले. रोगाचे प्रमाण दीडपट झाले, काहीतरी बिघडले आहे, हे कोणीही सांगेल. आता त्या दीडशेंपैकी एक रुग्ण कारखान्याविरुद्ध दावा दाखल करतो. कारखान्याचा वकील एवढेच विचारतो की, हा रुग्ण त्या वाढीव पन्नासांतला की नेहमीच्या शंभरांतला? याचे उत्तर कोणाकडेही नसते. गाठीवर कारखान्याचे नाव लिहिलेले नसते. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमासारखा एखादा अपवाद सोडला, तर रक्ताचा, फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कर्करोग प्रदूषणामुळे झालेला असो वा अन्य कारणाने, सूक्ष्मदर्शकाखाली बहुधा सारखाच दिसतो.

दिवाणी दाव्यात 'असे घडले असण्याची शक्यता न घडल्यापेक्षा अधिक' इतका पुरावा लागतो. दीडशेंपैकी प्रत्येकाच्या बाबतीत प्रदूषण हे कारण असण्याची शक्यता ढोबळमानाने एकतृतीयांश निघते. म्हणजे एकेकट्याने दावा लावल्यास दीडशेच्या दीडशे हरतील आणि ज्या पन्नास जणांना प्रदूषणाने खरोखर आजारी पाडले, त्यांची जबाबदारी कोणावरच येणार नाही. म्हणूनच अमेरिकेतील अनेक न्यायालयांत रोगाचे प्रमाण दुपटीहून अधिक आहे का, हा प्रश्न कळीचा ठरला.

या गणिताची किंमत मॅसॅच्युसेट्स राज्यातील वोबर्न गावाने चुकती केली. तेथे 'जी' आणि 'एच' या नावांच्या दोन विहिरी अनुक्रमे १९६४ आणि १९६७ साली सुरू झाल्या. पाण्याला वास येतो, चव विचित्र आहे, अशा तक्रारी गावाच्या पूर्व भागातून सातत्याने होत होत्या. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या आपल्या मुलाला रुग्णालयात नेणाऱ्या एका आईच्या लक्षात आले की, येथे भेटणारी इतर मुलेही आपल्याच आसपासची आहेत. तिने पाण्याविषयी शंका घेतली. डॉक्टरांनी आणि अधिकाऱ्यांनी ती मनावर घेतली नाही. मे १९७९ मध्ये परिसरात बेवारस पिंपे सापडली, म्हणून विहिरींच्या पाण्याची तपासणी झाली आणि त्यात ट्रायक्लोरोएथिलीन हे यंत्रांवरील तेल-वंगण काढण्याचे रसायन आढळले. एका विहिरीत त्याचे प्रमाण अब्जात २६७ भाग होते. अमेरिकेने पुढे ठरवलेली मर्यादा पाच भागांची आहे. १९६९ ते १९७९ या काळात गावातील मुलांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचे १२ रुग्ण निघाले. अपेक्षित होते ५.३.

हे प्रमाण दुपटीहून अधिक होते. तरीही शास्त्रज्ञ सावध होते आणि त्यांची सावधगिरी सर्वस्वी चुकीची म्हणता येणार नाही. देशात हजारो गावे असतात. निव्वळ योगायोगानेही त्यांतील काहींत रुग्णांची संख्या जास्त निघणारच. भिंतीवर आधी गोळ्या झाडायच्या आणि मग जेथे भोके दाट पडली तेथे लक्ष्याचे वर्तुळ काढायचे, असा आक्षेप अशा प्रत्येक गावाच्या बाबतीत घेतला जातो. संख्या लहान असली की हा आक्षेप खोडणे कठीण जाते.

वोबर्नच्या आठ कुटुंबांनी १९८२ मध्ये दावा दाखल केला. डब्ल्यू. आर. ग्रेस आणि बीट्रिस फूड्स या प्रमुख प्रतिवादी कंपन्या होत्या. १९८६ मध्ये न्यायमूर्ती वॉल्टर स्किनर यांनी खटल्याचे टप्पे पाडले. कंपन्यांच्या आवारातील रसायने विहिरींपर्यंत पोहोचली का, हे आधी ठरवायचे. मुलांच्या आजाराचा विचार त्यानंतर. याचा परिणाम असा झाला की, ७८ दिवस चाललेल्या सुनावणीत ज्युरीपुढे मुख्यतः भूजलाची चर्चा झाली. रसायन नेमक्या कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात विहिरीत उतरले, असे प्रश्न सामान्य नागरिकांच्या त्या ज्युरीला विचारण्यात आले. त्यांनी बीट्रिसला जबाबदारीतून मुक्त केले आणि ग्रेसच्या बाबतीत सप्टेंबर १९७३ ही तारीख दिली. काही मुलांच्या रोगाचे निदान त्यापूर्वीच झाले होते. अखेर ग्रेसने ८० लाख डॉलर देऊन तडजोड केली. पाण्यामुळे मुलांना कर्करोग झाला का, हा ज्या प्रश्नासाठी पालक न्यायालयात गेले होते, तो ज्युरीपुढे आलाच नाही.

कुटुंबांचे वकील जॅन श्लिक्टमन या खटल्यापायी दिवाळखोरीत गेले. 'अ सिव्हिल अ‍ॅक्शन' या १९९८ च्या चित्रपटात जॉन ट्रॅव्होल्टाने त्यांची भूमिका केली आहे. चित्रपटात कमी आलेली बाब अशी की, राज्याच्या आरोग्य खात्याने पुढे केलेल्या पाहणीचा निष्कर्ष १९९७ मध्ये आला. गर्भारपणात या विहिरींचे पाणी ज्या मातांना मिळाले, त्यांच्या मुलांमध्ये धोका वाढलेला दिसला आणि पाण्याच्या प्रमाणानुसार तो वाढत गेला. वाढ सुमारे आठपट होती. पण पाहणीत रुग्ण होते अवघे १९. त्यामुळे संख्याशास्त्राच्या हिशेबाने खरा आकडा एकपेक्षा कमी असू शकत होता, तसाच नव्वदच्या पुढेही. आईच्या शंकेला शास्त्राने दिलेला दुजोरा हा असा होता, आणि तोही खटला मिटल्यानंतर अकरा वर्षांनी. ट्रायक्लोरोएथिलीनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग घडवणारा पदार्थ म्हणून निश्चितपणे वर्गीकृत केले ते २०१२ मध्ये.

आता पुन्हा इटलीकडे वळू. वोबर्नमध्ये निदान दोन विहिरी आणि मोजके कारखाने होते. नेपल्सच्या उत्तरेला कचरा टाकणारे शेकडो, जागा हजारो आणि रसायने अगणित. नेपल्स उत्तर विभागाच्या सरकारी वकिलांनी राष्ट्रीय आरोग्य संस्थेसह ३८ नगरपालिकांची पाहणी केली. २०२१ मध्ये मांडलेल्या या पाहणीत कचऱ्याच्या २७६७ जागा नोंदवल्या गेल्या. एकतृतीयांशाहून अधिक रहिवासी अशा किमान एका जागेपासून शंभर मीटरच्या आत राहत होते. कोणत्या खड्ड्यातील कोणत्या पदार्थाने कोणाला आजारी पाडले, हे येथे कसे सिद्ध करणार? त्यातच संपूर्ण कॅम्पानिया प्रांताला व्यापणारी कर्करोग नोंदणी दीर्घकाळ अस्तित्वात नव्हती. अपेक्षित रुग्ण किती आणि प्रत्यक्ष किती, हा हिशेबच जेथे अपुरा, तेथे 'प्रमाण वाढल्याचे सिद्ध झालेले नाही' हे सरकारी उत्तर तांत्रिकदृष्ट्या खरे ठरते.

सरकारला माहिती नव्हती असे मात्र नाही. कासालेसी टोळीतील कार्मिने स्कियावोने याने ऑक्टोबर १९९७ मध्ये संसदीय समितीपुढे कचऱ्याच्या धंद्याचा तपशील सांगितला होता. या भागातील लोक वीस वर्षांत कर्करोगाने मरतील, असेही तो म्हणाला होता. ही साक्ष सोळा वर्षे गोपनीय राहिली. ती २०१३ मध्ये खुली झाली, आणि उघड्यावर कचरा जाळणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवणारा कायदाही त्यानंतरच आला.

स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने नेमके यावर बोट ठेवले. धोका गंभीर होता, खरा होता आणि पडताळून पाहता येण्याजोगा होता. त्याची कल्पना सरकारला होती. तेवढे पुरे आहे. नेमक्या परिणामांविषयी शास्त्रीय खात्री नाही, ही सबब पुढे करून रक्षणाचे कर्तव्य टाळता येणार नाही. याच न्यायालयाने २०१९ मध्ये तारांतोच्या पोलाद कारखान्याच्या प्रकरणात खासगी आणि कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग झाल्याचे म्हटले होते; यावेळी ते थेट जीविताच्या हक्कापर्यंत गेले. निकाल अंतिम झाल्यापासून दोन वर्षांत सर्वंकष योजना, स्वतंत्र देखरेख आणि नागरिकांसाठी माहितीचे व्यासपीठ उभे करण्याचे बंधन इटलीवर घालण्यात आले.

अर्थात, हा निकाल सरकारविरुद्ध आहे, कचरा टाकणाऱ्यांविरुद्ध नाही. आणि नुकसानभरपाईचा प्रश्न न्यायालयाने तूर्त राखून ठेवला आहे. कारण सिद्ध न करता कर्तव्यच्युती सिद्ध करता येते. एका विशिष्ट रुग्णाला किती पैसे द्यायचे हे ठरवताना जुना प्रश्न पुन्हा डोके वर काढू शकतो.

आपल्याकडे कायद्याच्या पुस्तकात या दिशेची वाट बरीच आधी आखली गेली आहे. दिल्लीतील ओलियम वायुगळती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८६-८७ मध्येच घातक उद्योगांवर संपूर्ण दायित्वाचे तत्त्व लागू केले. प्रदूषण घातक नाही हे दाखवण्याचा भार उद्योगावर, हे वेल्लोर येथील चर्मोद्योगांच्या प्रकरणात १९९६ मध्ये सांगितले गेले. रोगाचे प्रमाण मोजण्यासाठी लागणारी कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ पासून आहे, आणि ग्रामीण भागातील देशातली पहिली नोंदणी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये सुरू झाली. अडचण अन्यत्र आहे. २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय हरित लवादाकडे भरपाई मागायची तर दाव्याचे कारण प्रथम उद्भवल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. सबळ कारण असल्यास आणखी साठ दिवसांची सवलत आहे. रसायनाशी संपर्क आल्यापासून गाठ दिसेपर्यंत अनेक कर्करोगांत दहा ते तीस वर्षे जातात. ही पाच वर्षे पाणी दूषित झाले त्या दिवसापासून मोजायची की निदानाचा कागद हाती आला त्या दिवसापासून, यावर अशा प्रकरणात सारे काही अवलंबून राहील.