धुराड्याचा नियम सैल झाला, तेव्हा कोण काय बोलले?

सिरसाळ्याच्या वीटभट्ट्यांवरचे मजूर ओपीडीत येतात तेव्हा तक्रार बहुधा ठरलेली असते : रात्री दम लागतो, सकाळी खोकला थांबत नाही. जवळच परळीचे औष्णिक वीज केंद्र. तिथली राख भट्ट्यांत वापरली जाते, वाटेत ट्रकमधून उडते. राख निदान दिसते तरी. कोळसा जळताना निघणारा सल्फर डायऑक्साइड दिसत नाही. तो दमेकऱ्याची श्वासनलिका आकसवतो. हवेत त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात आणि ते फुप्फुसात खोलवर जातात. एखाद्या रुग्णाचा दम नेमका कशाने वाढला, हे मी छातीला स्टेथोस्कोप लावून सांगू शकत नाही. म्हणूनच नियम धुराड्यावर हवा.

तसा नियम झाला होता. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने या वायूवर मर्यादा घातली आणि दोन वर्षांची मुदत दिली. मग ती मुदत पुन्हा पुन्हा वाढली. जुलै २०२५ मध्ये देशातील सुमारे ७८ टक्के औष्णिक संचांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. वगळले ते दिल्ली परिसर, दहा लाखांवर वस्तीची शहरे आणि अतिप्रदूषित क्षेत्रे यांच्या जवळचे संच. परळीच्या आसपास असे मोठे शहर नाही.

सुटीच्या बाजूने मुद्दे होते : आपल्या कोळशात गंधक कमी, खर्च मोठा, शिवाय ही यंत्रणा चालवायला जादा वीज लागते म्हणून कार्बन वाढतो. म्हणजे हवामान बदलाचेच कारण पुढे आले. हे मुद्दे खोटे आहेत असे माझे म्हणणे नाही. काही अभ्यास त्यांना दुजोरा देतात, काही खोडून काढतात. पण ते कोणी, कोणाकडे, किती वेळा मांडले, हे सामान्य माणसाला कुठे वाचायला मिळते?

आम्हा डॉक्टरांना शोधनिबंधाखाली हितसंबंध जाहीर करावे लागतात. औषध कंपनीने पैसे दिले असतील तर तसे लिहायचे. तंबाखूबाबत तर जागतिक करारच आहे; भारताने त्याला २००४ मध्ये मान्यता दिली. त्याचे कलम ५.३ सांगते की आरोग्य धोरण तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून वाचवा. कोळशाला असे कलम नाही.

अमेरिकेत १९९५ पासून लॉबिंग करणाऱ्यांना नोंदणी आणि खर्चाचा तपशील द्यावा लागतो. आपल्याकडे तसा कायदा नाही. थोडी फट आहे ती ‘सेबी’च्या अहवालात. २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना सामाजिक जबाबदारी व शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो. त्यातले सातवे तत्त्व धोरणावरील प्रभावाचे. कोणत्या उद्योग संघटनांचे सदस्य आहात, हे सांगणे सक्तीचे. कोणत्या धोरणाची बाजू मांडली, हे मात्र ऐच्छिक. माझ्या मते नेमका तोच प्रश्न सक्तीचा हवा होता.

परळीचे केंद्र राज्य सरकारच्या कंपनीचे आहे. शेअर बाजारात तिची नोंद नाही, त्यामुळे हा अहवालही तिला लागू नाही. तिला माहिती अधिकार लागू आहे. केंद्रीय मंत्रालयांनाही आहे; तिथे कोणाची निवेदने आली, बैठकांत काय ठरले, हे दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येते. खासगी वीज उत्पादकांच्या संघटनेला मात्र असा थेट अर्ज करता येत नाही.