परत फिरलो

दादाला जाऊन येत्या भाद्रपदात सहा वर्षं होतील. इंदूरच्या आमच्या नातेवाइकांत अजूनही कुणी ना कुणी म्हणतंच, "इतकं हिंडायला नको होतं त्याने." जणू काही तो कड्यावरून पडला. तो गेला डेंगूने, आठ दिवसांत, बेचाळिसाव्या वर्षी. "डास घरातलाच होता," असं मी एकदा चिडून एका मावशीला म्हणालो. त्यानंतर तिने हा विषय माझ्यासमोर काढला नाही.

पण खरं सांगायचं तर मलाही तो बेफिकीरच वाटायचा. माझ्याहून सात वर्षांनी मोठा. विमा कचेरीत नोकरी. शनिवारी संध्याकाळपर्यंत टेबलावर आणि रविवारी पहाटे साडेचारला जिन्यात सायकलच्या चेनचा आवाज. बाबा पांघरुणातूनच ओरडायचे, "कुठे चाललास?"

"इथेच, महूला."

महू म्हणजे त्याच्यासाठी फक्त उंबरठा. तिथून पुढे मंडलेश्वरच्या रस्त्यावर जाम दरवाजा लागतो, अहिल्याबाईंनी १७९१ साली बांधलेला. माळव्याचं पठार तिथे एकदम संपतं आणि खाली निमाड पसरलेला दिसतो. तिथून घाट उतरून महेश्वर गाठायचं, नर्मदेत मनसोक्त पोहायचं आणि दुसऱ्या दिवशी तोच घाट चढून घरी यायचं, हा त्याचा आवडता बेत. एका बाजूने नव्वदेक किलोमीटर. सोमवारची रजा त्यासाठी राखून ठेवलेली.

मी बारावीची परीक्षा दिल्यावर एकदा त्याने मला नेलं. जाताना घाट उतरताना मी हवेत होतो. परतताना पहिल्याच चढावर जीभ बाहेर. तेवढ्यात देवासारखा एक दुधाचा टेम्पो थांबला. सायकल मागे टाकून मी ड्रायव्हरशेजारी बसून महूला आलो. बऱ्याच वेळाने दादा घामाघूम होऊन पोचला, पोहे खात बसलेल्या मला बघून एवढंच म्हणाला, "माझी जिलबी सांगितलीस का?"

पाताळपाणीहून कालाकुंडला जाणाऱ्या छोट्या लाइनच्या गाडीवर त्याचा फार जीव. डब्याच्या दारात बसायचं नाही, हा त्याचा नियम. पण खिडकीशी बसून बोगदा आला की डब्यातल्या पोरांना घेऊन असा आरडाओरडा करायचा की आई तोंडावर पदर घ्यायची. इंदूर-खंडवा मार्गासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं, हे तो समोरच्या अनोळखी प्रवाशाला दर वेळी सांगणारच. कालाकुंडला उतरून पानाच्या द्रोणातला कलाकंद घ्यायचा, घरी पोचेपर्यंत तो अर्धा संपलेला असायचा.

बीई करून मी पुण्याला आलो आणि माझे रविवार झोपण्यात जाऊ लागले. फोनवर तो विचारायचा, "सिंहगडावर गेलास का?" मी म्हणायचो, "रिलीज आहे." वर्षभर रिलीजच होतं.

गेल्या दिवाळीत वहिनींनी त्याची एक वही माझ्या हातात ठेवली. हिशेबाची, लांबट. मला वाटलं आठवणी, वर्णनं असतील. त्यात निघायची वेळ, पाण्याच्या बाटल्या, वाटेत पाणी कुठे मिळतं, घरी कुणाला सांगून निघालो, अंधाराआधी कुठे पोचायलाच हवं, असलं सगळं. आणि मधूनमधून लाल शाईत दोन शब्द : परत फिरलो.

सवयीने मी मोजलं. २१२ नोंदी, त्यातल्या ३७ लाल.

"पाताळपाणी. वरच्या अंगाला आभाळ काळं. पात्रात उतरलो नाही. परत फिरलो." वर पाऊस झाला की तिथलं पाणी कसं अचानक चढतं, हे इंदूरकरांना सांगायला नको. "जाम घाट. मागचा ब्रेक नीट लागत नाही. वरूनच निमाड बघितला. परत फिरलो." आणि एक, "बरोबरचा मुलगा दमलाय, लाजून सांगत नाही. माझाच पाय दुखतो म्हणालो. परत फिरलो."

माझं महेश्वर शोधलं. निळ्या शाईत होतं : "धाकट्याला चढ झेपणार नाही. ढाब्यावर टेम्पोवाल्याशी बोललो, चाळीस रुपये दिले. त्याला सांगायचं नाही."

मी वही मिटून गच्चीवर गेलो.

शेवटची लाल नोंद जानापावची होती. सोबत पुतणी, तेव्हा पहिलीत. "अर्ध्यावर वीज कडाडली. ही रडली, वर जायचंच म्हणून. परत फिरलो." ती आता तेरा वर्षांची आहे. दादा गेल्यापासून वहिनींनी तिला शाळेच्या सहलीलाही पाठवलं नव्हतं. मला त्यांना काही सांगायचा अधिकार वाटेना. शेवटी त्याच म्हणाल्या, "भाऊजी, हिला एकदा वर नेऊन आणा. पण वही वाचून जा." आणि मुलीला, "काका परत फिरायचं म्हणाले तर तोंड वेडावायचं नाही."

जानेवारीत गेलो. जानापाव म्हणजे ८५४ मीटर, परशुरामाचं जन्मस्थान मानलं जाणारं. चढताना ती पुढे आणि मी दर वळणावर बुटाची नाडी बांधायला थांबणारा. नाडी सुटलेली नव्हती, तिच्याही लक्षात आलं असणार. वर कुंडाशी उभी राहून म्हणाली, "एवढीशी चंबळ? भूगोलाच्या पुस्तकात केवढी मोठी दाखवलीय."

मग दप्तरातून वही काढून तिने लिहिलं : "जानापाव. बाटल्या ४. आईला सांगून. ९.१० ला वर." थोडा विचार करून खाली : "काकाला उतरताना टेम्पो लागेल."